नर्सिंग असोसिएट की थेट नर्स? इंग्लंडमध्ये राहून ठरवताना

इंग्लंडमधल्या मराठी घरांत हा प्रश्न साधारण एकाच टप्प्यावर येतो. मुलं शाळेत रमलेली, घरातल्या एकाची नोकरी मार्गी लागलेली, आणि दुसरं माणूस केअर होममध्ये किंवा हॉस्पिटलच्या वॉर्डात हेल्थकेअर असिस्टंट (एचसीए) म्हणून राबतंय. काम आवडतं, पण पगार बँड २-३ च्या, म्हणजे एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतल्या खालच्या पगारश्रेणींच्या, पुढे सरकत नाही. मग कुणी सुचवतं, नर्सिंग असोसिएट कर, दोन वर्षांचा तर कोर्स. लगेच दुसरं कुणी म्हणतं, दोन घालवणारच आहेस तर तिसरं घाल आणि नर्सच हो.

माझं मत आधीच सांगते. हा निर्णय आवडीनिवडीने सुरूच होत नाही, तो पासपोर्टवरच्या शिक्क्याने सुरू होतो. त्यानंतर पैसा, मग आधीचं शिक्षण. आवड ही चौथी.

पद काय आहे

नर्सिंग असोसिएट हे हेल्थकेअर असिस्टंट आणि नर्स यांच्या मधलं पद, आणि ते फक्त इंग्लंडचं. २०१५ च्या अखेरीस त्याची घोषणा झाली, जानेवारी २०१७ मध्ये पहिल्या तुकड्या शिकू लागल्या आणि जानेवारी २०१९ पासून एनएमसी, म्हणजे नर्सेसची नोंदणी करणारी संस्था, असोसिएटचीही नोंदणी करते. त्याआधी या देशात 'एनरोल्ड नर्स' होत्या, १९४३ च्या कायद्याने आलेल्या, कमी मुदतीचं शिक्षण घेतलेल्या. त्यांचं प्रशिक्षण पुढे बंद झालं. निवृत्तीला आलेल्या सिस्टर म्हणतात, तेच पुन्हा आणलंय, फक्त नाव नवं. अगदीच चूक नाही म्हणत त्या.

शिक्षण म्हणजे लेव्हल ५ ची फाउंडेशन डिग्री, २४० क्रेडिटची. पूर्ण पदवी ३६० क्रेडिटची असते. एनएमसीचा नियम तासांत बोलतो: असोसिएटला किमान २,३०० तास, नर्सला ४,६००, आणि दोन्हीकडे निम्मे तास प्रत्यक्ष कामात. नर्सला ॲडल्ट, चाइल्ड, मेंटल हेल्थ किंवा लर्निंग डिसॅबिलिटी यांतली एक शाखा सुरुवातीलाच निवडावी लागते. असोसिएटला शाखा नसते, ती चारही ठिकाणी थोडीथोडी फिरते. अजून आपलं मन कुठे रमेल हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना हे सोयीचंच.

आता वॉर्डातला फरक. हिपचं ऑपरेशन झालेल्या एका आजीबाईंची सकाळची तपासणी चालू आहे असं धरू. श्वास मिनिटाला २२, ऑक्सिजन ९३, ताप ३८.४, नाडी ११२, रक्तदाब ठीक, शुद्धीवर आहेत. न्यूज-टू, म्हणजे तब्येत किती बिघडलीय हे गुणांनी मोजणाऱ्या तक्त्यात याचे गुण होतात २, २, १ आणि २, म्हणजे ७. सातला तातडीचा प्रतिसाद लागतो. असोसिएटला हे आकडे मांडता येतात, त्यांचा अर्थ कळतो, ती आजींना नीट बसतं करते, लगेच नर्सला सांगते, गरज पडली तर डॉक्टरला फोनही लावते. पण आजींचं पूर्ण मूल्यमापन करून आजच्या दिवसाची काळजीची योजना बदलणं, इतर कामं कुणाला वाटायची ते ठरवणं, ही नर्सची जबाबदारी. एनएमसीच्या दोन मानकांत ही रेघ स्वच्छ दिसते. नर्सच्या यादीत मूल्यमापन, नियोजन, नेतृत्व आणि समन्वय आहे. असोसिएटच्या यादीत त्या जागी काळजी देणं, लक्ष ठेवणं आणि हातभार लावणं आहे.

औषधांचंही तसंच. तोंडाने द्यायची औषधं, त्वचेखालची आणि स्नायूतली इंजेक्शनं असोसिएट देते. शिरेतून द्यायची औषधं मूळ अभ्यासक्रमात नाहीत. काही ट्रस्ट, म्हणजे हॉस्पिटलं चालवणाऱ्या एनएचएसच्या संस्था, वेगळं प्रशिक्षण देऊन ती परवानगी देतात, काही मुळीच देत नाहीत. एकाच शहरातल्या दोन हॉस्पिटलांत एकाच पदाचं काम वेगळं असू शकतं, हे अर्ज करण्याआधी समजून घ्यावं.

जबाबदारी मात्र अर्धी नसते. नोंदणी स्वतःच्या नावावर, दर तीन वर्षांनी ४५० तास काम आणि ३५ तास शिक्षण दाखवून ती टिकवायची, आणि चूक झाली तर चौकशी एनएमसीचीच. नर्सलाही हेच.

घोडं अडतं ते व्हिसापाशी

डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसाच्या आधाराने इथे असाल तर हा भाग दोनदा वाचा.

विद्यापीठात होम फी (इथल्या रहिवाशांसाठीची कमी फी) आणि स्टुडंट लोन मिळायला साधारणपणे आयएलआर, म्हणजे कायमचं राहण्याची परवानगी, किंवा नागरिकत्व लागतं, आणि शिवाय तीन वर्षांचं वास्तव्य. आयएलआर नसेल तर बहुतेक वेळा आंतरराष्ट्रीय फी, तीही स्वतःच्या खिशातून. म्हणजे तीन वर्षांची नर्सिंग पदवी कितीही चांगली असली तरी अनेक घरांसाठी तो विषय तिथेच संपतो.

अप्रेंटिसशिपचे, म्हणजे नोकरी करत पगारासकट शिकण्याचे, नियम निराळे आहेत. कामाची परवानगी असलेला व्हिसा आहे आणि शिकण्यासाठी म्हणून नव्हे तर राहण्यासाठी म्हणून इथे सलग तीन वर्षं कायदेशीर वास्तव्य झालंय, तर आयएलआरशिवायही सरकारी निधीची अप्रेंटिसशिप मिळू शकते. स्किल्ड वर्करचा जोडीदार कामाला मोकळा असतो, त्यामुळे अनेक मराठी डिपेंडंट इथे बसतात. ती तीन वर्षं स्टुडंट व्हिसावर गेली असतील तर मात्र ती धरतीलच असं नाही. ट्रस्टच्या अप्रेंटिसशिप टीमला तारखांसकट ईमेल टाका आणि उत्तर लेखी घ्या. मैत्रिणीला मिळालं म्हणून आपल्याला मिळेल, या हिशोबावर राहू नका.

भारतात पदवी झाली आहे म्हणून अप्रेंटिसशिप मिळणार नाही, अशी एक समजूत पक्की बसलेली दिसते. तसं नाही. कॉमर्सची पदवी असली तरी नर्सिंगची कौशल्यं तुमच्यासाठी नवीनच, आणि नवीन कौशल्यांसाठी निधी मिळू शकतो.

पैशाचा हिशोब

आकडे २०२५-२६ चे आहेत, लंडनचा भत्ता धरलेला नाही.

अप्रेंटिस असोसिएटला शिकताना पगार असतो, बहुतेक ठिकाणी बँड ३ चा किंवा त्याच्या आसपासचा. बँड ३ ची सुरुवात २४,९३७ पौंडांनी होते. फी शून्य, ती नोकरी देणारी संस्था भरते. पात्र झाल्यावर बँड ४, म्हणजे २७,४८५ पासून ३०,१६२ पर्यंत.

पूर्णवेळ पदवीला वर्षाला ९,५३५ पौंड फी, तीन वर्षांचे २८,६०५. हे लोन असतं, आणि त्याची परतफेड २५,००० च्या वरच्या पगारावर ९ टक्के. बँड ५ च्या सुरुवातीच्या ३१,०४९ पगारावर ते वर्षाला साडेपाचशे पौंडांच्या आत बसतं. डोंगर दिसतो तेवढा महिन्याच्या पगारात बोचत नाही. उलट नर्सिंग पदवीला एनएचएसकडून वर्षाला ५,००० पौंड अनुदान मिळतं, जे परत करायचं नसतं. पंधरा वर्षांखालचं मूल असेल तर आणखी २,०००. पण त्या तीन वर्षांत पगार नाही. प्लेसमेंटचे, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकण्याचे, तास इतके असतात की सोबत नोकरी म्हणजे शनिवार-रविवारची बँक शिफ्ट (हॉस्पिटलातली जमेल तेव्हाची सुटी पाळी), बस.

एक आकडा मला बोलका वाटतो. बँड ५ चा पहिल्या दिवसाचा पगार बँड ४ च्या शेवटच्या पायरीपेक्षा जास्त आहे. म्हणजे असोसिएट म्हणून कितीही वर्षं काढली तरी, बढती घेतली नाही तर, नव्याकोऱ्या नर्सच्या मागेच.

तिसरा मार्ग आहे फी भरून असोसिएट होण्याचा. दोन वर्षांची फी, शिकताना पगार नाही, वरचं ५,००० चं अनुदान या कोर्ससाठी धरून चालू नये, आणि हाती येतो बँड ४. होम फी मिळण्याइतपत स्टेटस आहे, दोन वर्षं बिनपगारी काढण्याची ताकद आहे, तर तिसऱ्या वर्षासाठी का थांबायचं? हा पर्याय कुणाला सुचवावा असं मला अजून कुणी भेटलेलं नाही. पदवीच्या प्रवेशाची अट थोडक्यात हुकत असेल तर तेवढा अपवाद.

वेळ आणि जीव

असोसिएट होऊन पुढे नर्स व्हायचं असेल तर आधीचं शिक्षण पदवीच्या निम्म्यापर्यंत धरलं जातं. उरलेल्याला टॉप-अप म्हणतात, तो दीड ते दोन वर्षांचा. म्हणजे सरळ तीनच्या जागी साधारण चार. पण मधली प्रतीक्षा यात धरलेली नाही. टॉप-अपच्या अप्रेंटिसशिपच्या जागा ट्रस्ट ठरवतो, त्या मोजक्या असतात, आणि बजेट आवळलं की आधी त्याच जातात. मुलाखतीत 'काही प्रश्न?' असं विचारतात तेव्हा हेच विचारा: गेल्या दोन तुकड्यांतल्या किती जणांना टॉप-अप मिळाला? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

सुरुवातीपासून नर्स पदवीचीच अप्रेंटिसशिप देणारे ट्रस्टही आहेत, साधारण चार वर्षांची, पगारासकट. मिळत असेल तर असोसिएटच्या थांब्याची गरजच नाही. बहुतेक ठिकाणी मिळत नाही, ही अडचण.

अप्रेंटिसचा आठवडा दमवणारा असतो. नोकरी चालू, त्यातला किमान २० टक्के वेळ अभ्यासाचा, २० टक्के बाहेरच्या प्लेसमेंटचा: डिस्ट्रिक्ट नर्ससोबत घरोघरी, मानसिक आरोग्याच्या युनिटमध्ये, लहान मुलांकडे. उरलेला वेळ आपल्याच वॉर्डात, आणि तिथेही शिकण्यासाठी राखून ठेवलेला वेळ मिळायला हवा. प्रत्यक्षात दोन जणी आजारी पडल्या की तुम्ही पुन्हा एचसीए. कालपर्यंत बेडपॅन देणारी आज फाइल वाचत बसलीय, हे सहकाऱ्यांच्या पचनी पडायला वेळ लागतो. पदवीची विद्यार्थिनी वॉर्डात पाहुणी असते, कर्मचाऱ्यांच्या मोजणीच्या बाहेर असते. तिला शिकायला मोकळीक जास्त मिळते, ही पदवीची न दिसणारी जमेची बाजू.

अभ्यासात आपल्याकडच्यांना गणित जड जात नाही. औषधांच्या हिशोबाच्या परीक्षेत १०० पैकी १०० च लागतात, असोसिएटलाही आणि नर्सलाही. ५ मिलिलीटरमध्ये २५० मिलिग्रॅम असेल तर ४०० मिलिग्रॅमसाठी किती? ८ मिलिलीटर, हे आपण तोंडी सांगतो. अडतं ते रिफ्लेक्टिव्ह निबंधात. आपल्या हातून काय झालं, तेव्हा काय वाटलं, पुढच्या वेळी काय वेगळं करू, हे संदर्भ देऊन दोन-तीन हजार शब्दांत लिहायचं. गाइड वाचून पेपर लिहिलेल्या पिढीला हा प्रकार पहिल्या सत्रात रडवतो. दुसऱ्यापर्यंत हात बसतो.

प्रवेशाला जीसीएसई (इथली दहावीसारखी परीक्षा) गणित-इंग्रजीत ग्रेड ४ किंवा फंक्शनल स्किल्स लेव्हल २ (तिला पर्यायी परीक्षा) मागतात. दहावीची मार्कशीट चालेल की नाही, हे विद्यापीठागणिक बदलतं. वाद घालण्यापेक्षा जवळच्या कॉलेजात फंक्शनल स्किल्स उरकून टाकलेलं बरं.

तुम्ही यांत असाल तर वरचं बरंचसं विसरा

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेल्या कितीतरी जणी इथे एचसीए म्हणून काम करताना दिसतात. त्यांनी असोसिएटच्या वाटेला जाऊ नये. संगणकावरची सीबीटी आणि प्रात्यक्षिकाची ऑस्की, शिवाय आयएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, एवढं पार केलं की थेट नर्स. आयएलटीएसला ७ लागतात, लेखनात ६.५. थोडक्यात गुण हुकले आणि इथे वर्षभर आरोग्यक्षेत्रात काम झालं असेल तर नोकरी देणाऱ्याच्या पुराव्याचाही एक मार्ग आहे. एएनएम झालेल्यांना ही वाट खुली नाही. त्यांच्यासाठी असोसिएट अप्रेंटिसशिप खरोखर चपखल आहे.

विज्ञान शाखेची पदवी आणि आयएलआर दोन्ही असेल तर नर्सची नोंदणी मिळवून देणारी दोन वर्षांची प्री-रजिस्ट्रेशन एमएस्सी पाहा. असोसिएटइतकाच वेळ, शेवटी बँड ५. कष्ट मात्र दुप्पट.

भारतात बसून हे वाचत असाल तर थांबा. जुलै २०२५ पासून नव्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी साधारणपणे पदवीच्या पातळीचं काम लागतं, आणि असोसिएट त्याखाली येतं. परत गेल्यावरही या फाउंडेशन डिग्रीवर भारतात नर्स म्हणून नोंदणी होणार नाही. इतकंच काय, जोडीदाराची बदली एडिंबराला झाली तरी अडचण, कारण स्कॉटलंडमध्ये हे पदच नाही.

उरले ते डिपेंडंट व्हिसावर तीन वर्षं काढलेले, नर्सिंगचं शिक्षण नसलेले, पगार सोडणं परवडणार नाही असे. त्यांच्यासाठी अप्रेंटिसशिपने असोसिएट होणं हाच आजच्या घडीला चालणारा रस्ता आहे, आणि तो चांगला रस्ता आहे. आयएलआर हातात असेल आणि घर एका पगारावर तीन वर्षं ओढता येत असेल, तर पदवीच.

पदवीचे अर्ज यूकॅसवर, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक संकेतस्थळावर, मुदत जानेवारीच्या मध्यावर. अप्रेंटिसशिपच्या जागा एनएचएस जॉब्सवर येतात, पण पुष्कळदा आधी ट्रस्टच्या इंट्रानेटवर, फक्त तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी, आणि थोड्याच दिवसांत बंद होतात. बाहेरून अर्ज करत बसण्यापेक्षा आधी त्या ट्रस्टमध्ये एचसीए म्हणून आत शिरा, आणि पहिल्याच अप्रेझलमध्ये वॉर्ड मॅनेजरच्या कानावर घालून ते कागदावर लिहून घ्या.