टॅब घेण्याआधी: अडणाऱ्या लेकरासाठी फुकट आणि स्वस्त साधनांची तुलना

"सर, ऊसतोडीच्या टोळीच्या हिशोबातून आठ हजार बाजूला काढलेत. लेकरासाठी टॅब घ्यावा का?"

केज तालुक्यातल्या एका वडिलांनी हे विचारलं तेव्हा त्यांचा मुलगा शेजारीच बसला होता. चौथीत आहे. तोंडी हिशोब झटकन करतो, गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगतो, पण पुस्तक उघडलं की पहिल्याच ओळीत थांबतो. मी म्हणालो, टॅब आत्ता नको. तुमच्या खिशातल्या फोनवर आधी तीन आठवडे काम करून बघू.

विशेष शिक्षक म्हणून बीड आणि परभणीकडच्या शाळांत फिरताना हा प्रश्न मला सारखा भेटतो. निवड करताना मी आधी बघतो की लेकरू नेमकं कुठं अडतं. मग बघतो की साधन मराठी किती धड बोलतं आणि ऐकतं, आणि रेंज किंवा लाइट गेली तर ते चालतं का. प्रमाणपत्रावर निदानाचं नाव काय लिहिलंय, हे त्यानंतर. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं) असा एकच शिक्का असलेल्या दोन लेकरांपैकी एकाला बोलण्यासाठी साधन लागतं, तर दुसऱ्याचं काम पेन्सिल जाड केल्यावर भागतं.

वाचताना अडतं तेव्हा

इथं तीन पर्याय आहेत आणि तिघांचं काम वेगळं आहे. गूगलचं रीड अलाँग हे अ‍ॅप लेकराला वाचायला लावतं. गोष्टीतली ओळ लेकरू मोठ्यानं वाचतं, अ‍ॅप ऐकतं, चुकलेला शब्द स्वतः म्हणून दाखवतं. मराठी गोष्टी आहेत, फुकट आहे आणि गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेट लागत नाही. सरावासाठी याहून चांगलं फुकट साधन मला मिळालेलं नाही. मात्र ज्याचे उच्चार अस्पष्ट आहेत, त्याला ते देऊ नका. त्याने बरोबर वाचलेला शब्दही अ‍ॅपला कळत नाही. असा एक मुलगा चार वेळा 'पाऊस' म्हणून गप्प झाला, आणि पुढचा आठवडाभर त्याने फोनला हात लावला नाही.

दुसरा पर्याय म्हणजे फोनने वाचून दाखवणं. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली 'सिलेक्ट टू स्पीक' असतं. स्क्रीनवरच्या मजकुरावर बोट ठेवलं की तेवढंच वाचतं. सेटिंगमध्येच टेक्स्ट टू स्पीचमधून मराठी आवाज एकदा उतरवून ठेवा, म्हणजे शेतातसुद्धा चालतं. रीड अलाँग वाचायला शिकवतं. हे वाचायला शिकवत नाही, पण सहावी-सातवीच्या लेकराचा इतिहास-भूगोल वाचनापायी अडकू देत नाही. एक शिकतानाच दुसरं वापरावं.

अडचण पीडीएफची आहे. जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या मराठी पीडीएफमध्ये डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं असतात, आणि फोन ती वाचू लागतो तेव्हा नुसता गोंधळ ऐकू येतो. एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाकून बघा. अक्षरांचा गुंता दिसला तर ती फाइल कोणतंच अ‍ॅप वाचू शकणार नाही. मग पानाचा फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून, संगणकावर तो गूगल डॉक्समध्ये उघडायचा. चित्रातलं मराठी टाइप होऊन येतं. रफार आणि जोडाक्षरं मात्र एकदा डोळ्यांखालून घाला. मराठीत 'र' चार रूपं घेतो, कर्म, क्रम, ट्रक आणि वाऱ्यावर. लेकरू नेमकं तिथंच अडत असतं, आणि यंत्राकडूनही तिथंच चुका होतात.

तिसरा पर्याय माणसाच्या आवाजाचा. थोरल्या बहिणीने धडा मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायचा. मेमरी कार्डात घातला की साध्या बटणाच्या फोनवरही वाजतो. तांड्यावर घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलली जाते, आपल्या शहरांतल्या कित्येक घरांत दखनी उर्दू. पुस्तकातला अवघड शब्द घरच्या बोलीत समजावून सांगणारं अ‍ॅप मला माहीत नाही. ते बहीण करते. पहिली ते चौथीसाठी मी अ‍ॅपच्या आधी रेकॉर्डिंगच सुचवतो.

सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ साली सुरू झालं. अंधत्व, अल्पदृष्टी किंवा अन्य दिव्यांगत्वामुळे छापील पान वाचता न येणाऱ्यांना तिथं सदस्य होता येतं, आणि मराठी पुस्तकंही आहेत. मोठ्या वर्गातल्या मुलांसाठी उपयोगी. पण पाठ्यपुस्तकासाठी त्यावर विसंबण्याआधी हवं ते पुस्तक आहे का, हे शोधून घ्या.

डिस्लेक्सियासाठी, म्हणजे वाचनातल्या अक्षमतेसाठी म्हणून इंग्रजीत एक खास फॉन्ट फिरतो. तो देवनागरीचा नाही, शिवाय इंग्रजीतही त्याचा ठोस फायदा अभ्यासांत दिसलेला नाही. त्यापेक्षा मुक्तासारखा मोकळा, फुकट देवनागरी फॉन्ट मोठ्या आकारात, ओळींत जास्त जागा सोडून छापा. नुसतं झेरॉक्सवाल्याकडे जाऊन ए-४ चं पान ए-३ वर काढलं तरी अक्षर १४१ टक्के होतं. काळ्या कार्डपेपरला एका ओळीएवढी खिडकी कापली की बाकीच्या ओळी झाकल्या जातात, आणि ओळ चुकवणारं लेकरू सावरतं.

बोलता न येणाऱ्या लेकरासाठी

पालक सगळ्यात जास्त घाबरतात ते इथं. "चित्रं दाखवायची सवय लागली तर बोलायचंच नाही," असं घरोघरी ऐकतो. उलट अनुभव आहे, आणि संशोधनही तेच सांगतं: चित्रांनी बोलणं थांबत नाही, काही लेकरांचं तर वाढतं. मागता आलं की चिडचिड कमी होते, आणि शांत झालेलं लेकरू आवाज काढून बघायला धजतं.

जेलो हे अ‍ॅप आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालं. फुकट आहे, मराठी बोलतं, आणि चित्रं आपल्याकडची आहेत. जेवण, माणसं, जागा, मदत असे विभाग आणि कडेला आवडतं-नावडतं, हवं-नको, जास्त-कमी अशी सहा बटणं. चित्र निवडून बटण दाबलं की पूर्ण वाक्य बोललं जातं. 'नको' म्हणता येणं हे मला फार मोठं वाटतं. न बोलणाऱ्या लेकराला आपण सगळे 'काय हवं' विचारतो, नकार द्यायची सोय कुणी ठेवत नाही.

आवाज हे चेन्नईत घडलेलं अ‍ॅप जास्त खोल आहे. लेकराच्या वाढत्या शब्दसंग्रहाबरोबर ते वाढवता येतं, स्वतःची वाक्यं रचता येतात. पण त्याला पैसे मोजावे लागतात. आधी फुकट चाचणी घेता येते. माझं मत असं: सहा महिने जेलो वापरून लेकरू त्याच्या वाक्यांच्या बाहेर जाऊ लागलं, 'काल मामा आला होता' असं काही सांगायला धडपडू लागलं, तरच आवाजचा खर्च करा.

आणि या दोन्हींच्या आधी कागदाचा चित्रफळा. स्पेनमधल्या अरागॉन प्रांताच्या सरकारने आरासाक नावाचा चित्रसंग्रह फुकट खुला केलाय. चित्रं छापायची, खाली मराठीत लिहायचं, लॅमिनेट करायचं. पण मी घरचेच फोटो जास्त वापरतो. त्यांच्याच न्हाणीचा, त्यांच्याच ताटातल्या भाकरीचा. फळा पावसात भिजत नाही, चार्ज करावा लागत नाही, आणि भाऊ तो हिसकावून गेम खेळत बसत नाही. त्याला आवाज नाही, ही उणीव खरी आहे. पाठ करून उभ्या असलेल्या आईला त्यावरून हाक मारता येत नाही. म्हणून घरात फळा आणि फोन दोन्ही असू द्या.

यातलं काहीही घेतलं तरी पहिले काही आठवडे बोट मोठ्यांनी ठेवायचं. "चल, जेवायचं" म्हणताना जेवणाच्या चित्रावर आईचं बोट गेलं पाहिजे. लेकरू ते बघून शिकतं. फोन हातात देऊन "आता बोल" म्हटलेल्या घरांत अ‍ॅप पंधरा दिवसांत बंद पडलेलं मी पाहिलंय.

हात चालत नाही तेव्हा

पेन्सिलवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्याची जाड गुंडाळी, वही सरकू नये म्हणून तिच्याखाली ओलसर फडकं, आणि दोन पुस्तकांवर टेकवलेलं तिरपं पॅड. पहिला महिना एवढंच करा. याने भागलं तर फोनकडे जायची गरज नाही.

फोनकडे गेलात तर निवड बोलून टाइप करणं आणि स्वरचक्र यांत आहे. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोललं की टाइप होतं, वेग चांगला मिळतो. पण वर्गात गलका असतो आणि विरामचिन्हं मागून हाताने घालावी लागतात. स्वरचक्र हा आयआयटी मुंबईचाच कीबोर्ड, फुकट. 'क' दाबून धरला की भोवती का, कि, की, कु फुलतात, म्हणजे बाराखडीच बोटाखाली येते. शुद्धलेखन कच्चं असलेल्या लेकराला मी हाच देतो, कारण इथं वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे त्याचं त्याला निवडावं लागतं.

दहावीचा विचार आठवीतच करा. राज्य मंडळाच्या परीक्षेत पात्र विद्यार्थ्याला तासामागे २० मिनिटं जादा आणि लेखनिक मिळतो. लेखनिकाला सांगून उत्तर लिहवून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. बोलून टाइप करायचा सराव तिथं कामी येतो.

दिसणं आणि ऐकणं

अंध लेकरासाठी स्क्रीन वाचून दाखवणारी दोन साधनं आहेत: फोनवर टॉकबॅक, संगणकावर एनव्हीडीए. दोन्ही फुकट, दोन्ही मराठी वाचतात. एनव्हीडीए २००६ पासून ऑस्ट्रेलियातल्या अंध प्रोग्रामरांनी उभं केलंय, आणि ते पेनड्राइव्हवरून चालतं, म्हणजे शाळेच्या संगणकावर काही बसवायची परवानगी मागत बसायला नको. सुरुवात टॉकबॅकने करा. घरच्यांना आधी शिकवा की एकदा टेकवलं तर वाचतं, दोनदा टेकवलं तर उघडतं, आणि आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरली की चालू-बंद होतं. एका घरात मी हे सांगायचं विसरलो होतो. फोन बिघडला समजून त्यांनी तो दुकानात नेला.

पण ऐकणं ब्रेलची जागा घेऊ शकत नाही. केवळ ऐकून शिकलेल्या लेकराला 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक कधी भेटतच नाही. ब्रेल पाटी आणि कलम सरकारी योजनेतून मिळतं, ते मागून घ्या.

कमी ऐकू येणाऱ्यासाठी लाइव्ह ट्रान्सक्राइब हे गूगलचं अ‍ॅप समोरच्याचं मराठी बोलणं स्क्रीनवर उमटवतं. रेंज चांगली हवी, बोलणारा जवळ हवा, आणि लेकराला भराभर वाचता यायला हवं. म्हणून लहान वर्गांत त्याचा फार उपयोग नाही. तिथं कानामागचं यंत्र नीट चालू ठेवणं हेच काम. शिबिरातून मिळालेली यंत्रं पेटीत पडून राहतात, कारण सेल संपतो किंवा कानातला साचा वाढत्या वयात सैल होऊन शिट्टी वाजते. सेलची पाकिटं आणि नवा साचा यांवरचा खर्च कोणत्याही अ‍ॅपपेक्षा आधी करा. खुणांची भाषा शिकायला साइन लर्न अ‍ॅपमध्ये १०,००० शब्द आहेत. शोध हिंदी किंवा इंग्रजीतून घ्यावा लागतो, त्यामुळे सुरुवातीला शिक्षक सोबत हवा.

पैसे कुठून

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नताही (ऑटिझम) येतात. आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र काढा. समग्र शिक्षा या शाळांसाठीच्या सरकारी योजनेत विशेष गरजा असणाऱ्या विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. हे पैसे हातात येत नाहीत, त्यातून साहित्य आणि सेवा येतात. त्यासाठी गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाकडे लेकराचं नाव नोंदवा. श्रवणयंत्र, व्हीलचेअर, ब्रेल साहित्य दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेच्या शिबिरांत मिळतं. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उठून मागा, लेखी अर्ज द्या.

केजच्या त्या मुलाच्या फोनवर आम्ही रीड अलाँग आणि मराठी आवाज उतरवून घेतला. बहिणीने भाषेचे सहा धडे रेकॉर्ड केले. आठ हजारांतून एक मेमरी कार्ड आणि साधा स्पीकर आला, बाकीचे शिल्लक आहेत. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर जातील. मुलगा हंगामी वसतिगृहात राहिला तर कार्ड त्याच्यासोबत राहील, त्यांच्यासोबत उसाच्या फडावर गेला तर फोनसोबत जाईल. कार्डाची दुसरी प्रत मी त्याच्या वर्गशिक्षिकेकडे दिली आहे.