करवतीचे दात फाकवायची जुनी पक्कड: पावसाळ्यापासूनचा वापर

पक्कड म्हणावी तर हिला नेहमीच्या पकडीसारखा जबडा नाही. दांडे दाबले की डोक्यातून एक छोटा दट्ट्या पुढे सरकतो आणि समोरच्या गोल चकतीच्या कडेवर टेकतो. चकतीवर आकडे कोरलेले आहेत: ४, ५, ६, ७, ८, १०, १२. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात माळ्यावर आजोबांची हत्यारांची पेटी होती, तिच्यात ही निघाली. कातड्याला भोकं पाडायचा पंच, कंडक्टरचा तिकीट-पंच, असे घरातल्यांचे अंदाज झाले. पण पंच असेल तर समोर भोक हवं. इथे चकती भरीव आहे, तिची कड तिरपी तासलेली आहे, आणि आकडा वाढेल तसा तो तिरपा भाग अरुंद होत जातो. म्हणजे हे हत्यार कापत नाही, ढकलतं. जे ढकलायचं ते पातळ असतं, आणि त्याचा लहानमोठेपणा आकड्यावर ठरतो. पोळातल्या, म्हणजे आमच्या गल्लीतल्या, मिस्त्रीकाकांनी हातात घेताक्षणी गुजरातीत सांगून टाकलं, "आ तो करवतना दांत वाळवानुं छे." म्हणजे हे तर करवतीचे दात वाकवायचं हत्यार.

करवतीचे दात एका रेषेत सरळ असले तर पात्याच्या जाडीएवढीच चीर पडते आणि पातं त्यातच अडकतं. म्हणून एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे, असे थोडे थोडे वाकवतात. चीर पात्याहून जराशी रुंद झाली की करवत मोकळी चालते आणि भुसाही बाहेर पडतो. हे काम पूर्वीपासून खाचा पाडलेल्या लोखंडी पट्टीने किंवा ऐरणीवर ठोकून होत आलं आहे. मुरलेला कारागीर तसंही उत्तम करतो. माझ्यासारख्या हौशी माणसाच्या हातून मात्र प्रत्येक दात सारखा वाकायचा, तर हीच पक्कड हवी. या घडणीतली सगळ्यांत नावाजलेली म्हणजे शेफिल्डच्या जेम्स नील कंपनीची ‘एक्लिप्स ७७’. आमच्या पकडीवरचं नाव झिजून गेलं आहे, त्यामुळे ती कुणाची ते मी सांगत नाही.

आजोबा बडोद्याच्या कलाभवन या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते सुरू केलं आणि पहिले प्राचार्य म्हणून त्रिभुवनदास गज्जरांना नेमलं. सुरतेच्या सुतार घराण्यातला रसायनशास्त्रज्ञ! हाताचं काम आणि शास्त्र एकाच छताखाली आणणाऱ्या त्या संस्थेतून बाहेर पडलेल्या माणसाच्या पेटीत आकडे कोरलेलं हत्यार असावं, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता प्रत्यक्ष वापर. मी जुन्या सागाची दारं-चौकटी दुरुस्त करतो. सागात सिलिका असते, धार लवकर बोथट होते, त्यामुळे करवतीला सारखी कानस लावावी लागते. तीन-चार वेळा कानस मारली की वाकवलेला भाग घासून जातो आणि मग पकडीची पाळी येते. आधी सपाट कानस दातांच्या टोकांवरून फिरवून सगळे एका उंचीचे करायचे, तिकोनी कानशीने दातांचा आकार काढायचा, मग पक्कड, आणि शेवटी धारेचा हलका हात. एका बाजूचे, एकाआड एक दात खडूने खूण करून घ्यावेत. डोळे थकले की कुठला दात झाला आणि कुठला राहिला ते कळत नाही. या पकडीत आधी एक ठोकळा पातं घट्ट धरतो आणि मगच दट्ट्या दाताला लागतो, त्यामुळे हात जरा हलला तरी दात वेडावाकडा होत नाही. ही रचना करणाऱ्याला मनापासून नमस्कार.

चकतीवरचा आकडा म्हणजे एका इंचातली दातांची टोकं, दोन्ही कडांची धरून. ८ टोकं म्हणजे पूर्ण दात ७. पण तो आकडा जसाच्या तसा पाळू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. ८ टोकांच्या करवतीला ८ वर चकती ठेवली की कोरड्या सागाला फाक जास्त होते: चीर रुंद पडते, रेष भरकटते, खांदा दुखतो. मी १० वर ठेवतो. पावसाळ्यात आंब्याची ओलसर फळी कापायची होती तेव्हा मात्र ८ चाच उपयोग झाला, कारण ओलं लाकूड फुगून पात्याला आवळतं. चिरेची रुंदी पात्याच्या जाडीच्या दीडपटीपुढे जाऊ देऊ नये.

दात नीट फाकले की नाही हे पाहायची जुनी युक्ती अजून तितकीच खरी आहे. दातांच्या दोन रांगांमध्ये जी खोबण तयार होते तिच्यात शिवणाची सुई ठेवायची आणि करवत तिरपी करायची. सुई या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत गेली तर काम चोख. मध्येच पडली तर तिथला दात बघा.

उणिवा आहेत. बारीक दातांच्या करवतीला ही चालत नाही. इंचाला १२ टोकांच्या पुढे दट्ट्या शेजारच्या दातालाही लागतो. काहीजण दट्ट्या घासून अरुंद करतात, पण आजोबांच्या वस्तूला कानस लावायचं माझ्याने होत नाही. डोक्याच्या आत दात नीट दिसत नाही, खिडकीपाशी उजेडात बसावं लागतं. मोठी करवत एका बैठकीत केली तर मूठ भरून येते. आणि पावसाळ्यात स्प्रिंगला गंज धरतो. मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

घेणाऱ्यांनी आधी आपली करवत पाहावी. हल्ली दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ करवतींच्या दातांची टोकं निळसर-काळी असतात. ती कडक केलेली असतात, वाकवायला गेलात तर दात तुटतात आणि कानसही चालत नाही. अशी करवत असेल तर ही पक्कड घेऊ नका. जुन्या, कानस लागणाऱ्या पात्याची करवत असेल तर अवश्य घ्या. जुन्या बाजारात घेताना दट्ट्याची कड गोल झालेली नाही ना, चकतीचा काठ उडालेला नाही ना आणि मागचा स्क्रू सुटून चकती फिरते ना, हे हातात धरून तपासा. नुसता गंज असेल तर रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून निघतो.