क्रमशः की अधांतरी? शेवट ठरवताना

कथा लिहून झालीय, शेवटाशी गाडी अडलीय आणि उत्तर न देताच थांबावं असं वाटतंय, तर आधी ठरवा की खाली "क्रमशः" येणार की "समाप्त". वाचक दोन्हीकडे लटकतो, पण लटकण्यात फरक आहे.

क्रमशःचं उदाहरण सगळ्यांना माहितीय, बाहुबली. पहिला भाग जुलै २०१५ ला आला आणि कटप्पाने का मारलं हे कळायला एप्रिल २०१७ उजाडलं, मधे पावणेदोन वर्षं जिकडे तिकडे तेच. चाललं, जोरात चाललं. पण खरं कारण, म्हणजे शिवगामीचा हुकूम, पहिल्या भागात कुठे होतं? आपण कितीही डोकं लढवा, सगळं अंदाजपंचे. ही उधारी झाली, फेडावीच लागते. एका अ‍ॅपवर मी साठेक भाग वाचले आणि लेखक जो गायब झाला तो झालाच, अजून राग येतो.

आता दुसरा प्रकार, "समाप्त" लिहूनही अधांतरी ठेवणारा. फ्रँक स्टॉकटन या अमेरिकन लेखकाची १८८२ ची "द लेडी, ऑर द टायगर?" ही गोष्ट बघा. राजकन्येच्या प्रियकराला शिक्षा म्हणून आखाड्यात उभं केलंय, समोर दोन दारं, एकामागे वाघ, दुसऱ्यामागे एक सुंदर मुलगी, ते दार उघडलं की तिथल्या तिथे लग्न. राजकन्येला कशामागे काय ते माहितीय, आणि त्या मुलीचा तिला मनापासून राग आहे. ती प्रियकराला उजवीकडे खूण करते, तो उजवं दार उघडतो, झालं, संपली गोष्ट. इथे प्रेम किती, जळफळाट किती, सगळं वाचकाच्या हातात दिलंय, फक्त निकाल दिला नाही. घरी जेवताना सांगितली तर बायको ताबडतोब "वाघ" म्हणाली, मी गुपचूप आमटी ओरपली.

आणि आपला वेताळ तर याच्याही पुढचा. विक्रम दरवेळी उत्तर देतो नि वेताळ दरवेळी झाडावर, शेवटी एकदाचा राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो आणि तेव्हाच गोष्ट पुढे सरकते.

भाग टाकत असाल तर क्रमशः घ्या, पण पुढचा भाग आधी लिहून ठेवा. दिवाळी अंकाला एकच कथा पाठवत असाल तर दुसरा प्रकार, आणि आधी दोघा मित्रांना वाचायला द्या. कथेतलीच वाक्यं काढून भांडले तर हात लावू नका. "अरे, शेवटचं पान राहिलं का?" असं विचारलं तर बसा परत लिहायला.