मॉन्स्टर हंटर वर्ल्ड: आठ महिने खेळल्यानंतर

धाकट्या भावाने फारच गळ घातली म्हणून मी हा राक्षसी प्राण्यांची शिकार (हंट) करायचा व्हिडिओ गेम घेतला, आणि आता आठ महिने झाले, आठवड्यातल्या निदान चार रात्री आम्ही तिघं (मी, भाऊ आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण) यात असतो. घ्यायच्या आधी लोकांची मतं वाचली होती तेव्हा डोकं भंजाळून गेलं होतं. कोणी म्हणतं स्लो आहे, हात जड वाटतात, दहा तासांत सोडून दिला, आणि कोणी म्हणतं हजार तास झाले तरी मन भरत नाही. इतके महिने खेळल्यावर वाटतं की दोघंही खरं बोलतायत, आणि दोघांच्याही म्हणण्यामागे कारण एकच आहे. या गेममधे तुमच्या कॅरेक्टरची ताकद लेव्हलने वाढत नाही, तुमचा हात बसावा लागतो. तो बसेपर्यंत धीर धरला तर गेम तुमचा, नाहीतर नाही.

माहितीचं आधी उरकून टाकते. वर्ल्ड २०१८ च्या जानेवारीत पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर आला, पीसीवर त्याच वर्षी ऑगस्टमधे. आइसबोर्न हे मोठं एक्स्पान्शन २०१९ च्या सप्टेंबरमधे आणि पीसीवर २०२० च्या जानेवारीत. सिरीज त्याहून बरीच जुनी, पहिला गेम २००४ चा पीएस२ वरचा. एका हंटला जास्तीत जास्त चार जण, लॉबीत (ऑनलाइन जमायच्या जागी) सोळा. हत्यारांचे प्रकार चौदा, आणि चौदाच्या चौदा इतके वेगळे की हत्यार बदललं की दुसराच गेम चालू केल्यासारखं वाटतं.

आता लेव्हलचं. बाकीच्या आरपीजीत (कॅरेक्टर वाढवत न्यायच्या गेममधे) कसं असतं, बॉस जमत नसेल तर दोन तास बारीक शत्रू मारत बसा, लेव्हल वाढेल, मग परत या. इथे तसं नाही, हंटर रँक असतो पण तो फक्त पुढचे क्वेस्ट (शिकारीची कामं) उघडतो, अंगात जोर येतो तो फक्त हत्यार आणि आर्मरमुळे आणि ते बनवायचं सामान त्याच प्राण्याला मारून मिळतं जो तुम्हाला मारतोय. पहिली खरी भिंत म्हणजे अँजनाथ. एन्शंट फॉरेस्टमधला आग ओकणारा धिप्पाड प्राणी. सहा वेळा हरले मी त्याच्याकडून. सातव्या वेळी माझं हत्यार तेच होतं, आर्मर तोच होता, पण तोपर्यंत डोळ्यांना कळायला लागलं होतं की तोंडातून ज्वाळा गळायला लागल्या की आता तो मोठी आग सोडणार आणि त्या वेळी समोर नाही, पायाच्या बाजूला पळायचं. राक्षसाच्या डोक्यावर हेल्थ बार नसतो, तो किती थकलाय ते त्याच्या चालीवरून, लंगडण्यावरून, गळणाऱ्या लाळेवरून ओळखायचं. पहिल्यांदा तो लंगडत निघाला ना, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

याच कारणाने डिफेंडर हत्यारं आणि गार्डियन आर्मरवर खेळणाऱ्यांमधे इतके वाद आहेत. आइसबोर्नच्या वेळी नवीन लोकांनी पटकन पुढे यावं म्हणून हे तयार सामान गेममधेच द्यायला लागले, आणि ते वापरलं तर मूळ कथा भरभर संपते हे खरंय. मी पहिला महिनाभर वापरलं, भाऊ नको म्हणत होता तरी. माझं मत आता स्पष्ट आहे, वापरू नका. मूळ गेममधले प्राणी तुम्हाला शिकवायलाच ठेवलेत, ओडोगॅरॉन झटपट डॉज करायला (वार चुकवायला) शिकवतो, डियाब्लॉस जमिनीखाली गेला की आवाजाचा पॉड (फेकायची गोळी) टाकून बाहेर काढायला शिकवतो, आणि तयार तलवारीने ते पाच मिनिटांत पडले तर तुम्ही काहीच शिकत नाही. आइसबोर्नच्या मास्टर रँकमधे, म्हणजे सगळ्यात अवघड टप्प्यात, शिरल्यावर पहिल्याच आठवड्यात मला ते कळलं, तिथे सगळेच जास्त जोरात मारतात आणि माझ्याकडे डॉजची सवयच नव्हती. मग मागे गेले, त्याच्या आधीच्या हाय रँक टप्प्याचं आर्मर एकेक करून स्वतः बनवलं, दीड महिना त्यात गेला पण तोच दीड महिना मला सगळ्यात जास्त आवडला.

हत्याराचं सांगते कारण त्यावरच माझा सगळा अनुभव उभा आहे. मी हंटिंग हॉर्न घेतला. फार कमी लोक खेळतात, लॉबीत बहुतेकांच्या पाठीवर लाँग सोर्ड दिसते. हॉर्न म्हणजे हातोड्यासारखं मारायचं अवजड वाद्य. प्रत्येक फटक्याला एक सूर जमा होतो, तीन रंगांचे सूर असतात, ठराविक क्रमाने जमले की धून तयार होते आणि ती वाजवली की त्या भागात असलेल्या तुमच्या सगळ्या साथीदारांना त्याचा फायदा होतो. अटॅक वाढतो, कोणाची हेल्थ भरते, कोणाला डरकाळीने कान धरून उभं राहावं लागत नाही, जसा हॉर्न तशा धुना. मारतानाच धुना जमतात, त्यामुळे बाजूला उभं राहून वाजवत बसायचं असं काही नाही, डोक्यावर मारत राहायचं, सूर आपोआप येतात, आणि वाजवतानाचा झोकासुद्धा राक्षसाला लागतो. डोक्यावर पुरेसे फटके बसले की तो चक्कर येऊन आडवा पडतो. मग आमच्यात वाटणी ठरली, डोकं माझं, शेपूट भावाच्या लाँग सोर्डची (शेपूट धारदार हत्यारानेच तुटते, हॉर्नने नाही), आणि मैत्रीण ग्रेट सोर्ड घेऊन संधी मिळेल तिथे. ही वाटणी लागेपर्यंत आम्ही एकमेकांच्या पायात पाय घालत होतो, कारण साथीदाराच्या वाराने तुम्हाला इजा होत नाही पण तुम्ही धडपडता, आणि लाँग सोर्डच्या लांब फिरकीत मी रोज पडत होते. फ्लिंच फ्री नावाचं स्किल एक लेव्हल लावलं की हे थांबतं. हे पहिल्याच दिवशी लावा.

कोऑपचा (मिळून खेळण्याचा) सगळा जीव माझ्या मते एका नियमात आहे. तीन वेळा कोणीही बेशुद्ध पडलं की क्वेस्ट फेल. प्रत्येकी तीन नाही, सगळ्यांचे मिळून तीन. बेशुद्ध पडलात की मांजरं तुम्हाला हातगाडीवर घालून कॅंपवर आणून टाकतात, म्हणून सगळे त्याला कार्ट होणं म्हणतात, आणि प्रत्येक कार्टला सगळ्यांच्याच बक्षिसातले पैसे कमी होतात. त्यामुळे दुसऱ्याचा जीव वाचवणं हे इथे चांगुलपणावर सोडलेलं नाही, ते तुमचंच काम आहे.

नर्गिगांटेची रात्र सांगते. अंगभर काटे असलेला एल्डर ड्रॅगन (गेममधल्या सगळ्यात ताकदवान राक्षसांपैकी एक), काटे पांढरे असतात तोवर फोडता येतात, काळे पडले की कडक होतात आणि मग तो वर झेपावून सगळं अंग जमिनीवर आपटतो. दोन कार्ट गेले होते, एक माझा, एक मैत्रिणीचा. पंचवीस मिनिटं होऊन गेली होती. उजव्या बाजूचे काटे काळे झालेले मला दिसत होते आणि भावाची हेल्थ पाव राहिलेली. तो ओरडला, "ताई, पावडर टाक!" लाइफपावडर टाकली की जवळपासच्या सगळ्यांची हेल्थ भरते, पण त्यासाठी हत्यार आधी पाठीवर ठेवावं लागतं आणि हॉर्न पाठीवर जायला अगदी नकोसा वेळ लागतो. धून अर्धी वाजवून झाली होती, ती सोडली, हॉर्न ठेवला, पावडर उडवली, हिरवी धूळ पसरली आणि त्याच क्षणी नर्गिगांटे वर उसळला. भाऊ त्याच्याकडे पाठ करून पळत सुटला आणि शेवटच्या क्षणी त्याने अंग झोकून दिलं, ती लांब उडी घेतली की तेवढ्या वेळात काही लागत नाही, सगळे तिला सुपरमॅन डाइव्ह म्हणतात. मीही तशीच पडले. उठलो तेव्हा तिघंही उभे होते, काटे तुटून पडले होते आणि मैत्रिणीने तोवर ग्रेट सोर्डचा पूर्ण चार्ज भरून ठेवला होता. तो एक वार बसला आणि संपलं. एक मिनिट कोणीच काही बोललं नाही, मग तिघंही एकदम बोलायला लागलो, आणि त्या गडबडीत मेलेल्या राक्षसाच्या अंगावरून सामान काढायची एक मिनिटाची वेळ जवळजवळ निघून गेली!

अनोळखी लोकांबरोबरचा अनुभव मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप चांगला आहे. क्वेस्टमधे एसओएस (मदतीची हाक) सोडला की जगातून कुठूनही कोणीही येतं, भाषा एक नसते, बोलणं हातवाऱ्यांनी आणि स्टिकरनी चालतं. सामानाची भांडणं नाहीत कारण प्रत्येकाला आपापलं वेगळं मिळतं, कोणी कोणाचं उचलू शकत नाही. एकच गोष्ट नवीन लोकांना सांगते. राक्षस झोपला की थांबा. झोपलेल्याला बसणाऱ्या पहिल्याच फटक्याला दुप्पट डॅमेज मिळतं, पुढच्याला नाही, म्हणून तो मान ग्रेट सोर्डवाल्याला द्या, आणि बॅरल बॉंब ठेवायचेच असतील तर तलवार आधी लागेल असे ठेवा. घाईने कोणीतरी छोटासा वार करून उठवतं आणि तीन जणांची तयारी वाया जाते. बॅझेलगूस नावाचा राक्षस मधेच उडत येऊन बॉंब पाडायला लागला तर डंग पॉड (शेणाची गोळी) मारून हाकला, प्रत्येकाच्या पिशवीत ते दहा असलेच पाहिजेत. आणि कोणी कार्ट झालं तर त्याला हात दाखवून धीर द्या. मी नवीन असताना एका अनोळखी लान्सवाल्याने मला तीनदा पावडर टाकून उभं केलं होतं, त्याचा आयडीसुद्धा आता आठवत नाही, पण माझ्या पिशवीत तेव्हापासून पावडर कधी संपली नाही.

न आवडलेलंही आहे. मित्रांबरोबर कथा खेळायची असेल तर पद्धत भयंकर किचकट आहे. कथेचा सीन प्रत्येकाने स्वतः बघितल्याशिवाय दुसरा कोणी त्याच्या हंटमधे येऊच शकत नाही. म्हणजे दोघं नवीन असाल तर दोघांनी आपापला क्वेस्ट वेगळा चालू करायचा, सीन येईपर्यंत चालायचं, मग एकाने आपला सोडून दुसऱ्याच्यात यायचं. प्रत्येक कथेच्या मिशनला हे करायचं. कोऑपसाठीच बनलेल्या गेममधे हे मला आजही पटलेलं नाही, आणि अनेक जण पहिल्याच दिवशी इथेच वैतागतात. दुसरं म्हणजे वेगवेगळ्या मशीनवरचे लोक एकत्र खेळू शकत नाहीत, पीसीवाला पीसीवाल्याबरोबरच, म्हणून घ्यायच्या आधी मित्र कशावर खेळतो ते विचारा. हंट पॉज होत नाही, दाराची बेल वाजली की गेलाच कार्ट. आमच्या घरचं नेट मधेच गेलं तर हंट संपत नाही, एकटीने पुढे चालू राहतो, ही एक चांगली सोय.

आणि नशिबाचा भाग. रॅथालोस या उडणाऱ्या राक्षसाची रूबी, म्हणजे त्याच्याकडून मिळणारं दुर्मिळ सामान, दोन-तीन टक्क्यांचा चान्स. मला बावीस हंट लागले, भावाला दुसऱ्याच हंटमधे मिळाली. डेकोरेशन (स्किलसाठी आर्मरमधे बसवायची रत्नं) तर पूर्णच नशिबावर, हवं ते रत्न महिनोन्‌महिने येत नाही. काही लोक यालाच ग्राइंड, म्हणजे तेच तेच करत बसणं, म्हणून नाव ठेवतात. मला रॅथालोस बावीस वेळा मारायचा कंटाळा आला नाही कारण पंधराव्या वेळेपर्यंत मी त्याला आकाशातून फ्लॅश पॉडने बरोबर पाडायला शिकले, पण ज्याला फक्त बक्षीस हवंय त्याला हे जड जाणार.

आइसबोर्नमधल्या क्लच क्लॉबद्दल (राक्षसाला पकडायच्या आकड्याबद्दल) मतं टोकाची आहेत. राक्षसाच्या अंगावर चढून एखादा भाग मऊ करायचा, मग तिथे जास्त डॅमेज. हलक्या हत्यारांना त्यासाठी दोनदा चढावं लागतं, जड हत्याराला एकदा पुरतं. एकटं खेळताना मला ते लढाईची लय तोडल्यासारखं वाटतं. तिघांत मात्र मैत्रीण चढते आणि फायदा सगळ्यांना होतो, म्हणून माझी तक्रार निम्मीच आहे. दोघांनी खेळायला आइसबोर्ननंतर खूप सोपं झालं, आधी दोन जण असले तरी राक्षसाची हेल्थ चार जणांसाठीची असायची, आता दोघांसाठी वेगळी आहे. शिवाय दोघं असाल तर दोघांचीही साथीदार मांजरं (लढाईत मदत करणारी) बरोबर येतात. तिसरा माणूस आला की मांजरं घरी.

२०२५ च्या फेब्रुवारीत याच सिरीजचा नवा गेम वाइल्ड्स आला, त्यात वेगवेगळ्या मशीनवरचे लोक एकत्र खेळतात, मग आता वर्ल्ड कशाला असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर असं की जुनं मशीन असेल आणि दोन-तीन माणसं रोज बसणारी असतील तर वर्ल्ड आणि आइसबोर्न एकत्र घ्या, महिनोन्‌महिने पुरेल इतकं त्यात भरलंय. आणि एसओएस टाकला की अजूनही लोक येतात.

आमचा सध्या फॅटालिस अडलाय. २०२० च्या ऑक्टोबरमधे आलेला शेवटचा ड्रॅगन, नेहमीच्या पन्नासऐवजी फक्त तीस मिनिटं. डोकं दोनदा फुटलं की त्याच्या आगीचा जोर कमी होतो, आणि डोकं माझं. गेल्या दोन आठवड्यांत अकरा वेळा हरलो. परवा पहिल्यांदाच दोनदा फुटलं, तेव्हा घड्याळात चार मिनिटं उरली होती, पोचलो नाही. मैत्रिणीने ग्रेट सोर्डचं बिल्ड (आर्मर आणि स्किलची जुळणी) बदललंय, भाऊ सुरुवातीलाच तोफा भरून ठेवणार आहे, मी नवीन हॉर्न बनवलाय. आज रात्री दहाला परत बसतोय.