घरातली व्यायामाची सायकल, अकरा महिन्यांनंतर: तक्रार एकच, डावा क्रँक

नवव्या महिन्यात एका संध्याकाळी पायडल मारता मारता माझा डावा पाय एकदम खाली गेला. क्रँक, म्हणजे पायडल ज्यावर बसतं तो दांडा, धुऱ्यावरून निसटून पायडलसकट जमिनीवर पडला होता. त्याआधी दोन महिने तो टक्-टक् करत होता आणि मी कंपनीला तेच कळवत होते. या सायकलबद्दल याआधीही मी अभिप्राय लिहिला होता, पण म्हणून आता हे सविस्तर लिहिते आहे. लोडच्या पातळ्या किती, फ्लायव्हील किती किलोचं, ही माहिती सगळीकडे मिळते. त्यात शिरत नाही.

सायकल चुंबकीय लोडची (पायडलला लागणारा जोर चुंबकाने कमी-जास्त होतो), बेल्टवर चालणारी आहे. घेताना माझी अट एवढीच होती की आवाज नको. याआधी मी तीन वेळा व्यायाम सुरू करून सोडला होता, आणि तिन्ही वेळा कारण तेच, मला तो आवडतच नव्हता. या वेळी ठरवलं, आवडीचं काहीतरी त्याला जोडायचं. मला गोष्ट ऐकायला फार आवडतं. मग नियम केला की कादंबरी फक्त सायकलवर बसल्यावरच ऐकायची. उतरलं की बंद, मग प्रसंग कितीही रंगात आलेला असो.

ही कल्पना माझी नाही. केटी मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना उत्कंठेच्या कादंबऱ्या फक्त जिममध्येच ऐकायला मिळतील अशी सोय केली होती. सुरुवातीला ते लोक इतरांपेक्षा 51 टक्के जास्त वेळा जिमला गेले. पण मधे सुट्ट्या आल्या आणि फरक ओसरला. हा दुसरा भाग मी तेव्हा वाचून सोडून दिला होता. पुढे तोच आठवत राहिला.

पहिल्या महिन्यात 20 मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. तिसऱ्या महिन्यापर्यंत 30 मिनिटं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना मध्यम व्यायामासाठी जी आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते, तेवढी झाली. मध्यम म्हणजे किती, हे बोलण्यावरून कळतं: वाक्य बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही. पडद्यावरच्या कॅलरींकडे मी बघणं सोडलं. या सायकलने माझं वजन कधी विचारलंच नाही, मग माझ्या कॅलरी ती कुठून मोजणार?

सीटबद्दल पहिल्या महिन्यात मी फार वाईट लिहिलं होतं. ते मागे घेते. सीट खाली होती, दोष माझ्या मापाचा होता. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील एवढी ती वर घेतली, आणि गुडघ्याचं दुखणं आठवडाभरात गेलं.

आता टक्-टक्. सातव्या महिन्यात ती सुरू झाली. डावा पाय पुढे येऊन खाली दाबला की एक टक्, प्रत्येक फेऱ्याला. मी मिनिटाला साधारण 60 फेरे मारते, म्हणजे सेकंदाला एक आणि अर्ध्या तासात 1800. गोष्टीत दोघं हळू आवाजात बोलताहेत आणि दर सेकंदाला एक टक् त्यांच्या शब्दांवर पडतंय. मी आवाज वाढवला. मग डोक्यावर घट्ट बसणारे हेडफोन लावले. पण तो ठोका कानांपेक्षा पायातून जाणवत होता.

माझ्या वहीत प्रत्येक दिवसाची मिनिटं लिहिलेली आहेत. त्या महिन्यात पाचाचे चार दिवस झाले, मग तीन, मग दोन. मला वाटलं, पुन्हा आळस शिरला, चौथ्यांदा तेच होणार. वही मागे चाळली तेव्हा दिसलं की घसरण बरोबर आवाज सुरू झाला त्याच आठवड्यापासून आहे. ऐकण्यातलं सुख गेलं होतं आणि त्याच्यामागून मीही निघाले होते. म्हणूनच 'किरकोळ आवाज' हा शब्द मला मान्य नाही.

कंपनीकडून पहिल्यांदा आलेल्या माणसाने पायडल आवळलं आणि म्हणाला, "मॅडम, मशीन आहे, थोडा आवाज येणारच." दोन दिवस बरे गेले. दुसऱ्या वेळी फोनवरच सांगितलं, तेल सोडा. तेल सोडून काही होणार नव्हतं, कारण दुखणं वेगळंच होतं.

ते इथे लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या उलट दिशेने आवळतं. आधी ते बघा. ते घट्ट असूनही आवाज येत असेल, तर क्रँकच्या मुळाशी प्लास्टिकची गोल टोपी असते ती काढा. आत क्रँकला चौकोनी धुऱ्यावर धरून ठेवणारा बोल्ट असतो. तो सैल असताना सायकल चालवत राहिलं, तर धुरा क्रँकचं चौकोनी भोक कुरतडत जातो. कोपरे गोल झाले की मग कितीही आवळा, क्रँक धरत नाही. माझा असाच गेला. पडलेला क्रँक हातात घेतला तर भोकाच्या कडा चकचकीत झिजलेल्या होत्या आणि बोटाला धातूचा काळा कीस लागला. पहिल्याच भेटीत ती टोपी काढली असती, तर काम दोन मिनिटांचं होतं.

कंपनी म्हणाली, झिजणारे भाग वॉरंटीत नाहीत. मी सातव्या महिन्यातल्या तक्रारींच्या तारखा आणि मोबाईलवर घेतलेलं टक्-टक्चं रेकॉर्डिंग लेखी पाठवलं. त्यांच्याच चुकीमुळे झिजलेल्या भागाचे पैसे मी का द्यायचे? तीन आठवड्यांनी क्रँक फुकट आला. तक्रार फोनवर करू नका, लिहून करा.

त्या तीन आठवड्यांत माझं एक मत बदललं. मला खात्री होती की सवय मोडली, त्या सुट्टीनंतरच्या लोकांसारखी. चौथ्या दिवशी राहवलं नाही. गोष्ट नेमक्या जागी अडकली होती. रोजच्या वेळेला कानात तीच कादंबरी लावून चालायला निघाले. नियम मोडला असं आधी वाटलं, पण वेळ तीच होती आणि 30 मिनिटंही तीच. तीन आठवड्यांतल्या ठरलेल्या 15 दिवसांपैकी 6 बुडाले, 9 झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस लागले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. माझे तर सहा चुकले, तरी मी परत बसले. आधी लिहिलं होतं की या सायकलमुळे मी टिकले. आता म्हणेन, गोष्टीमुळे टिकले, सायकलने बैठक दिली.

नवा क्रँक मीच बसवला. माझ्या सायकलला 14 मिमीचा पाना लागला. नवा क्रँक पहिल्या काही दिवसांत थोडा बसतो, म्हणून बोल्ट पुन्हा आवळावा लागतो. आता दर रविवारी टोपी काढून बघते. पाच तारे दिले असते, तीन देते. कापलेले दोन क्रँकचे नाहीत, "आवाज येणारच" या उत्तराचे आहेत. काल पाना लावला, बोल्ट हलला नाही. मग 40 मिनिटं बसले, कारण कादंबरीचं प्रकरण संपायला दहा मिनिटं उरली होती.