हॉकर ८००एक्सपी : पावसाळा, धुकं आणि मे महिना पाहिल्यानंतर

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर मी हॉकर ८००एक्सपी या मध्यम आकाराच्या बिझनेस जेटवर आले. त्याआधीची बरीच वर्षं किंग एअर बी२०० या टर्बोप्रॉपवर, म्हणजे पंख्याच्या विमानावर गेली. आता कोकणातला पाऊस, दिल्लीकडचं धुकं आणि खानदेश-विदर्भातला मे महिना असं सगळं या विमानात बसून पाहून झालंय, म्हणून सविस्तर लिहिते. जेट म्हटलं की लोक पहिल्यांदा वेग विचारतात. हॉकरच्या बाबतीत तो प्रश्न शेवटी विचारावा असं माझं मत झालंय. या विमानाची खरी कमाई त्याच्या पंखात, ब्रेकमध्ये आणि केबिनच्या उंचीत आहे.

तरी वेगाचं सांगून टाकते. ताशी पावणेआठशे ते आठशे किलोमीटर हा रोजचा आरामाचा वेग. मुंबई-नागपूर हे जवळपास सातशे किलोमीटरचं अंतर किंग एअर दीड तासात कापतं, हॉकर साधारण तासाभरात. म्हणजे वाचला अर्धा तास, आणि तो मुंबईत टॅक्सीवेवर रांगेत उभं राहण्यात सहज जातो. मुंबई-दिल्लीला फरक जाणवू लागतो, आणि मुंबई-दुबईसाठी तर किंग एअरचा विचारच करायला नको. पण नाशिक, संभाजीनगर, कोल्हापूर, नांदेड एवढंच तुमचं जग असेल तर निव्वळ वेगासाठी जेट घेऊ नका.

विमानाचं घराणं जुनं आहे. ब्रिटनमध्ये डी हॅविलँड कंपनीनं डीएच १२५ म्हणून ते आखलं आणि १३ ऑगस्ट १९६२ रोजी ते पहिल्यांदा उडालं. पुढे कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या, नावं बदलली : हॉकर सिडली, ब्रिटिश एअरोस्पेस, मग १९९३ मध्ये अमेरिकेतली रेथिऑन, शेवटी हॉकर बीचक्राफ्ट. १९७६ च्या ७०० मॉडेलपासून कर्कश टर्बोजेट इंजिनं जाऊन टर्बोफॅन आली. १९८३ मध्ये ८०० आलं : वक्र विंडशील्ड, लांब पंख, कॉकपिटमध्ये काटे असलेल्या तबकड्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक स्क्रीन. ८००एक्सपी १९९५ चं. २०१३ मध्ये उत्पादन थांबलं तोवर सगळी मिळून सोळाशेहून जास्त विमानं बनली होती. इतक्या स्थित्यंतरांत केबिनचा गोल छेद मात्र पहिल्या विमानाचाच राहिला, आणि प्रवासी आजही त्यावरच खूश असतात.

केबिनची उंची १.७५ मीटर, म्हणजे पावणेसहा फूट, आणि रुंदी सुमारे १.८३ मीटर. बहुतेक माणसं ताठ उभी राहून कोट काढू शकतात. हे शक्य झालं ते पंखाच्या जागेमुळे. हॉकरचा पंख दोन्ही बाजूंना सलग एकसंध आहे आणि केबिनचं नळकांडं त्याच्यावर ठेवलेलं आहे. पंख केबिनला छेदून जात नाही, त्यामुळे प्रवाशांच्या वाट्याची उंची तो खात नाही. खालून पाहिलं तर पोटाशी फुगवटा दिसतो आणि विमान थोडं जाडजूड वाटतं. दिसायला शिकारी पक्ष्यासारखी लिअरजेट समोर उभी असली की आमचं विमान कुणी फोटोत घेत नाही. पण दोन तास बसायचं असेल तर मी हॉकरमध्येच बसेन.

आमच्याकडे आठ आसनांची मांडणी आहे. पुढे समोरासमोर चार खुर्च्या, मागे एका बाजूला तिघांचा सोफा आणि त्याच्यासमोर एक खुर्ची. शेवटी पूर्ण रुंदीचं स्वच्छतागृह, नीट दार लागणारं. इंजिनं शेपटीकडे असल्यामुळे पुढच्या चार खुर्च्या सर्वांत शांत. मागच्या सोफ्यावर आवाज थोडा वाढतो, पण झोप तिथेच चांगली लागते. कंपनीच्या चेअरमनसाहेबांच्या आई सोबत असल्या की आम्ही त्यांना उजवीकडची पुढची खुर्ची देतो. दारातून आत आलं की ती दोन पावलांवर. पायऱ्या मात्र उंच आणि अरुंद आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला वरून हात द्यायला कुणीतरी हवंच.

आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट. धावपट्टीला चाकं टेकल्यावर बहुतेक जेटमध्ये पंखावरचे स्पॉयलर, म्हणजे उचल मोडणाऱ्या झडपा, उघडतात. हॉकरमध्ये त्याच्या पुढची व्यवस्था आहे, तिला लिफ्ट डंप म्हणतात. लँडिंगला फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे भाग) ४५ अंश खाली असतात. चाकं टेकली की एअरब्रेकचा, म्हणजे वेग कमी करणाऱ्या पंखावरच्या झडपांचा, दांडा वर उचलून आणखी मागे ओढायचा. एअरब्रेक पूर्ण उघडतात आणि फ्लॅप थेट ७५ अंशांपर्यंत, जवळजवळ उभे, खाली येतात. पंखाची उचल त्या क्षणी संपते. विमानाचं सगळं वजन चाकांवर येतं, आणि चाकांवर वजन आलं तरच ब्रेक धरतात. शिवाय इंजिनाचा जोर उलटा वळवणारे थ्रस्ट रिव्हर्सर आहेतच.

कोरड्या धावपट्टीवर याचं अप्रूप वाटणार नाही. पण जुलैत कोल्हापूरला धावपट्टीवर पाण्याचा थर आहे, आडवा वारा सुटलाय, अशा वेळी ओल्या डांबरावर चाकं तरंगण्याआधीच विमान खाली दाबलं जाणं फार मोलाचं असतं. पावसात पहिल्यांदा हा दांडा ओढला तेव्हा विमान जमिनीवर ‘बसलं’ हे मला पाठीला कळलं. साठच्या दशकात लहान, प्रसंगी गवताच्या किंवा मुरमाच्या धावपट्ट्या डोळ्यांसमोर ठेवून आखलेलं विमान आहे हे. आपल्याकडच्या जिल्ह्याच्या विमानतळांना ते म्हणूनच मानवतं.

कॉकपिटमध्ये आलात तर कंट्रोल योककडे, म्हणजे विमान वळवायच्या दांड्याकडे, लक्ष जाईल. मेंढ्याच्या शिंगांसारखा वळलेला, इतर विमानांत सहसा न दिसणारा. हातात धरायला तो उत्तम आहे. कंट्रोल पूर्णपणे हातबळावर चालतात, हायड्रॉलिकची मदत नाही. हायड्रॉलिक आहे ते चाकं, फ्लॅप, ब्रेक, एअरब्रेक यांसाठी. वेग वाढला की योक जड होतो. ज्यांना हलक्या बोटांनी उडवायची सवय आहे त्यांना पहिले काही आठवडे हे अंगावर येईल. उपाय एकच : ट्रिम, म्हणजे योकवरचा ताण काढून टाकणारी व्यवस्था, सतत वापरा, विमानाशी झुंजू नका. एकदा ते जमलं की हॉकर इतकं स्थिर उडतं की घाटावरच्या दुपारच्या झोक्यांतसुद्धा चहाचे कप जागेवर राहतात.

टेकऑफच्या वेळी एक इंजिन बंद पडलं तर विमान त्या बाजूला वळू पाहतं. हॉकरमध्ये रडर बायस नावाची साधी योजना आहे : दोन्ही इंजिनांकडून घेतलेल्या हवेच्या दाबात फरक पडला की तीच हवा रडरला, म्हणजे शेपटीतल्या सुकाणूला, योग्य बाजूला ढकलते. संगणक नाही, काही नाही. सिम्युलेटरमध्ये हे पायाखाली अनुभवलं तेव्हा त्या अभियंत्यांबद्दल मनापासून आदर वाटला.

मजबुतीबद्दल माझ्या शब्दांपेक्षा दोन नोंदी पुरेशा आहेत. ऑगस्ट १९८८ मध्ये बोत्स्वानाचे राष्ट्राध्यक्ष क्वेट मसिरे यांचं याच घराण्यातलं १२५-८०० अंगोलावरून जात असताना त्याला मिग-२३ या लढाऊ विमानानं डागलेलं क्षेपणास्त्र लागलं. एक इंजिन तुटून पडलं. वैमानिकानं उरलेल्या इंजिनावर विमान उतरवलं आणि राष्ट्राध्यक्ष वाचले. ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेत नेवाडावर एका ८००एक्सपीची ग्लायडरशी हवेत टक्कर झाली. नाक फाटलं, पॅनेल वैमानिकांच्या अंगावर आलं, चाकं न उघडता विमान पोटावर उतरवावं लागलं, पण सगळे जिवंत राहिले. ग्लायडरचा वैमानिकही पॅराशूटनं सुखरूप उतरला.

पंखावर बर्फ धरू नये यासाठी बऱ्याच जेटमध्ये इंजिनाची गरम हवा पंखाच्या कडेला फिरवतात. हॉकरमध्ये टीकेएस नावाची वेगळी व्यवस्था आहे. पंखाच्या आणि शेपटीच्या कडेला अतिसूक्ष्म छिद्रांचा धातूचा पत्रा असून त्यातून ग्लायकोलचं द्रव पाझरत राहतं. इंजिनाची ताकद त्यात खर्च होत नाही, हा मोठा फायदा. मात्र ते ढगात शिरण्याआधी सुरू करावं लागतं, टाकी भरलेली ठेवावी लागते, आणि नंतर हँगरच्या फरशीवर चिकट थेंब पडतात. आपल्याकडे बर्फ कुठला, असं लोक म्हणतात. पावसाळी ढगात अठरा-वीस हजार फुटांवर शून्याखाली तापमान आणि भरपूर पाणी दोन्ही असतं. मला टीकेएस सर्वांत जास्त लागलं ते पावसाळ्यातच.

हे विमान ४१,००० फुटांपर्यंत जातं. पावसाळ्यातला बराच ढगांचा पसारा त्यामुळे खाली राहतो. मे-जूनमधले वळवाचे ढग मात्र याहूनही उंच चढतात. ते ओलांडायचं स्वप्न बघू नये, वळसा घालावा. कमाल उंचीवर केबिनमधली हवा सुमारे ७,५०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. सिटेशन लॅटिट्यूडसारख्या नव्या विमानात हाच आकडा सहा हजारांच्या आत आहे. एका तासाच्या उड्डाणात फरक कळत नाही. मुंबई-सिंगापूरसारख्या लांबच्या पल्ल्यावर उतरताना प्रवाशांचे चेहरे सुकलेले दिसतात, आणि ही उणीव मी लहान मानत नाही.

दुसरी उणीव सामानाची. बाहेरून उघडणारा मोठा कप्पा नाही. बॅगा दाराजवळच्या जागेत, केबिनच्या आतच ठेवायच्या. सगळी मिळून जेमतेम दीड घनमीटर. उड्डाणात बॅग हाताशी राहते हे सोयीचं. पण आठ माणसं लग्नाला निघाली आणि प्रत्येकाबरोबर मोठी सूटकेस असली तर बॅगा मावणार नाहीत. बुकिंग घेतानाच हे सांगा. विमानाशी उभं राहून सांगण्यात दोन्हीकडची अडचण होते.

उन्हाचा हिशेब वेगळा लिहायला हवा. पूर्ण भरलेल्या हॉकरचं वजन २८,००० पौंड, म्हणजे १२,७०० किलो. समुद्रसपाटीला थंड हवेत त्याला सुमारे ५,००० फूट धावपट्टी लागते. आता जळगाव घ्या. धावपट्टी १,७०० मीटर, म्हणजे साडेपाच हजार फुटांच्या आसपास. मे महिन्यात दुपारी पारा ४३-४४ वर. हवा विरळ, इंजिनांचा जोर कमी, पंखाची उचलही कमी. जळगावहून मुंबईला येताना थोडंच इंधन लागतं, त्यामुळे अडत नाही. पण तिथूनच आठ जणांना घेऊन थेट दिल्लीला जायचं म्हटलं की तक्ते उघडून बसावं लागतं, आणि उत्तर बहुतेक वेळा ‘सकाळी सातला निघा’ असंच येतं. जमिनीवर शेपटीतल्या एपीयूवर, म्हणजे छोट्या सहायक इंजिनावर, एसी चालतो. प्रवासी येण्याआधी अर्धा तास तरी तो सुरू ठेवावा, तेव्हा कुठे केबिन बसण्यालायक होते.

खर्च थोडक्यात. इंधन ताशी साडेनऊशे ते हजार लिटर, चढतानाच्या पहिल्या तासात त्याहून जास्त. हॉकरची टीएफई७३१ इंजिनं जगभर इतक्या विमानांवर आहेत की ती जाणणारे इंजिनियर सापडतात. विमानाचं उत्पादन थांबलं असलं तरी २०१४ पासून टेक्स्ट्रॉन या अमेरिकी कंपनीकडे या विमानांचं पाठबळ आहे. मुंबईत ठेवणार असाल तर खाऱ्या, दमट हवेसाठी गंज तपासण्याचं काम कधीही पुढे ढकलू नका. जुनं विमान विकत घेताना रंग आणि खुर्च्यांचं कातडं शेवटी बघा. आधी लॉगबुकं आणि गंजाच्या नोंदी.

पुष्कळ जण मला विचारतात की ८००एक्सपी घ्यावं की पुढचं. २००६ च्या ८५०एक्सपीला विंगलेट, म्हणजे पंखांची वर वळलेली टोकं, आहेत, त्यानं पल्ला थोडा वाढतो. २००७ च्या ९००एक्सपीमध्ये सुधारित इंजिनं आली, आणि उन्हात, उंचावरच्या धावपट्टीवरून निघताना त्यांचा खरा उपयोग होतो. वर्षातून बरेचदा उन्हाळी दुपारी घाटमाथ्यावरून लांबच्या उड्डाणाला निघावं लागत असेल तर जास्तीचे पैसे ९००एक्सपीवर घालावेत. मुंबईहून निघणं आणि मुंबईलाच परतणं असेल तर ८००एक्सपी पुरतं. केबिन आणि लिफ्ट डंप तिन्हींत तेच आहेत, आणि बॅगांची जागाही जवळपास तेवढीच.