ह्युमिकचे फ्लेक्स चार महिने वापरले, आता सांगते

भांडुपला आमच्या गॅलरीत बावीस कुंड्या आहेत, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, मिरच्या. सगळी लाल माती, आणि पावसाळा संपला की ती असली घट्ट होते की खुरपं आत जात नाही, खत घातलं तर पाण्याबरोबर सरळ खालच्या ताटलीत. गेल्या वर्षी ह्युमिकची, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातल्या, माती सुधारणाऱ्या काळ्या घटकाची, एक बाटली आणली होती, नाव नाही घेत, नुसतं काळं पाणी निघालं, पैसे गेले. म्हणून या वेळी दादरच्या एका बियाणांच्या दुकानातून पोटॅशियम ह्युमेटचे (अल्कलीने पाण्यात विरघळेल असं केलेलं ह्युमिक) फ्लेक्स घेतले, अर्धा किलो.

आधी ग्लासात विरघळवून बघितलं. काळे चकचकीत कण, पाण्यात पडल्या पडल्या तपकिरी धागे सुटतात आणि मिनिटभरात कोऱ्या कॉफीसारखं पाणी. त्यात व्हिनेगर घातलं तर तासाभरात तळाशी काळा गाळ बसला. हे चांगलं लक्षण, कारण ह्युमिक ॲसिड अल्कलीत विरघळतं आणि ॲसिडमध्ये गाळ होऊन बसतं, त्याचाच हलका भाऊ फुल्विक ॲसिड दोन्हीकडे विरघळलेलंच राहतं. त्या जुन्या बाटलीतल्या पाण्याचं असं काहीच झालं नव्हतं.

लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी आळवणी, म्हणजे मुळाशी ओतायचं. पहिला महिना काहीच नाही, खरंच सांगते. मग मिरचीची कुंडी बदलताना बघितलं तर कडेने पांढरी मुळी सुटलेली, भरपूर, आणि मातीचं ढेकूळ बोटाने दाबलं की रव्यासारखं फुटत होतं. मोगऱ्याची नवी पानं शिरा हिरव्या आणि मध्ये पिवळी अशी यायची, तेही बरंच कमी झालं, ह्युमिक लोहाला धरून ठेवतं आणि मुळांना मिळेल असं ठेवतं ना, त्यामुळे असावं.

पण हे खत नाही हे नीट समजून घ्या. २०२१ पासून सरकारच्या खत नियंत्रण आदेशात ह्युमिक बायोस्टिम्युलंटमध्ये, म्हणजे झाडाच्या वाढीला चालना देणाऱ्या गोष्टींत, येतं. घातलेलं पोटॅश, कॅल्शियम, अमोनियम ते धरून ठेवतं, पण मुळात काही घातलंच नाही तर धरणार काय? दोन कुंड्यांना मुद्दाम नुसतं ह्युमिक दिलं, त्या होत्या तशाच राहिल्या. गांडूळखत आणि पालापाचोळा पाहिजेच, खरा ह्युमस, म्हणजे कुजून तयार होणारा मातीतला काळा भाग, तिथूनच तयार होतो, पाकिटातलं ह्युमिक बहुतेक वेळा लिग्नाइट किंवा लिओनार्डाइट या खाणीतल्या कोळशासारख्या दगडातून काढलेलं असतं.

एक स्टार कमी केला कारण पाकिटावर ९८% लिहिलंय आणि बादलीच्या तळाशी बारीक रेती उरते, गाळून घ्यायला लागतं. आणि पांढऱ्या लादीवर सांडू देऊ नका, डाग लवकर जात नाही.

सिन्नरला मामा कांद्याला ठिबकमधून देतो, त्याने एकदा कॅल्शियम नायट्रेट त्याच टाकीत घातलं तर सगळा चोथा झाला आणि नळ्या चोंदल्या, तेव्हा दोन्ही वेगवेगळ्या दिवशी द्या. दिवाळीला जाताना त्याच्यासाठी याच दुकानातून एक किलो नेणार आहे.